झिलकऱ्याची जागा

धनगरवस्ती, वेल्ह्याच्या वर
नागपंचमीचा दुसरा दिवस, १९४५

चिरंजीव आनंदास,

तुज्या बयाआत्याचा आशीर्वाद. आशीर्वाद तेवढा जपून ठेव, बाकीचं पत्र शिव्यांचं हाय. वाचवंना तर सूनबाईला दे, ती तरी हसंल.

हितं पाऊस लई. तोरणा कुठं गेला कुणाला ठावं, ढगात हात घालून चाचपावा लागंल. मेंढरांच्या खुरात चिखल भरतुया, ती लंगडत्यात, आन त्यांच्या मागनं तुजा बाप लंगडतुया. इचारलं, हरिबा, तुला रं काय झालं? म्हणतो, "काय न्हाई." त्याला कवाच काय झालेलं नसतं. तुलाबी नसतं. एका खडकाची दोन धोंडं.

आता कामाचं लिवते. वस्तीची मंडळी काल आली व्हती. घोंगड्यावर बसली, च्या प्याली, दुसरा च्या प्याली, तवा कुठं तोंडं उघडली. म्हणाली, हरिबा, पुण्यास्नं आल्यापासनं तू बिरुबाम्होरं ओवी म्हटली न्हाईस. दर दसऱ्याला कुणीतरी वेळ मारून नेतुया. औंदा म्हटली न्हाईस तर ओवीचा मान पानशेतकडच्या वस्तीला द्यावा लागंल. देवाला किती साल मुका ठेवायचा?

तुज्या आज्याचा, पणज्याचा मान त्यो. मला वाटलं, हरिबा आता काठी उचलतो. त्यो म्हणाला, "द्या की. ज्याच्या गाण्यानं पोटच्या पोराचा श्वास हलला न्हाई, त्याच्या गाण्यानं देव काय हलणार?"

मंडळी माज्याकडं बगाय लागली. म्या च्याची भांडी उचलली.

तवा तू दसऱ्याला ये. उमरावतीस्नं आगगाडी हाय, पुण्यास्नं वेल्ह्यापातुर सर्विस मोटार हाय, आन वेल्ह्यास्नं वर यायला देवानं पाय दिल्यात. कालेजात मास्तर झालास म्हणून काय ते झिजलं न्हाईत. येऊन बापाशी बोल. काय बोलायचं ते मोटारीत ठरव.

मला काय तुजी आठवण येत न्हाई. तुजी वाकळ उन्हात घालायला काढली ती उंदरांपायी. ऊन न्हाईच, म्हणून तशीच घडी करून ठिवली.

तुजी आत्या,
बयाबाई

---

पोळ्याच्या दिशी

चिरंजीव आनंदास,

तुजं कारड मिळालं. कारडावर चार वळी! युनवर्सिटीत इतकी सालं शिकून चारच वळी येत्यात व्हय? आमच्या गावच्या शाळंत तिसरीतच मास्तरांनी मला काढली, तरी मी बग कशी पानं भरते.

लिवलंस की, "आत्या, येऊन काय सांगू? रेघ सपाट आली हे खरं. मला त्या दिवशी काय वाटलं ते मलाच कळलं नाही. आबांपुढं खोटं बोलायला मी येणार नाही."

बरं बाबा. खोटं नगं बोलूस. पण खरं काय ते तरी तुला ठावं हाय का?

परवा शेजारची बनाबाई इचारत व्हती, "बया, तू पुण्यात त्या ल्याबमधी करायचीस तरी काय गं? कुणी म्हणतं स्वैपाक करायचीस, कुणी म्हणतं भुतं काढायचीस." तिला म्या सांगितलं ते तुलाबी सांगते. चुकलं आसंल तर पेन्सिल घिऊन दुरुस्त कर, तुला सवय हाय.

म्या म्हटलं, अगं, गाणं ऐकताना माणसाच्या मनात काय व्हतं ते बगायची ल्याब ती. आता मन काय दिसतं? म्हणून मोठे सर छाती बगायचे. ऐकणाऱ्याच्या छातीला एक पट्टा बांधायचा. बायांना पुरुष कसा बांधणार, म्हणून मला ठिवली व्हती. पट्ट्याला नळी, नळीला सुई. एका डब्यावर कागद गुंडाळायचा, त्याला चिमणीवर धरून काजळी बसवायची. त्येबी माजंच काम. डबा फिरला की सुई काजळीत रेघ वढत जाती. श्वास वर, रेघ वर. श्वास खाली, रेघ खाली. गाणं काळजाला लागलं की रेघंचं डोंगर व्हत्यात. न्हाई लागलं की नुसती भातखाचरं.

बनाबाई म्हणाली, "मंग आमच्या नवऱ्याची काढ गं एकदा. माजं बोलणं कुठं लागतं का बगू."

हसून हसून पोट दुखलं. पण मंग तिनं इचारलं, "आन हरिबाचं काय झालं तितं?" तवा हसू गेलं.

म्या काय सांगणार? दारात पट्टे घिऊन उभी व्हते, समदं बगितलंय. मोठ्या सरांनी हरिबाला मोठ्या हौसंनं बोलावलं. तूच घिऊन आलास, नवा सदरा घालून. खोलीत एकला हरिबा उभा. ऐकायला तिघं बसवली: परकरातली एक शिकणारी पोर, कचेरीतला कारकून, आन तू. सर म्हणाले, ज्यानं हे गाणं जन्मापासनं ऐकलंय त्याची छाती कशी हलती ते बगू. तुज्या जोडीचा सावळाराम डब्यापाशी. आन सरांचा नेहमीचा कायदा: मान हलवायची न्हाई, पाय हलवायचा न्हाई, तोंडातनं हूं का चूं काढायचं न्हाई. खांबासारखं बसायचं.

हरिबा गायला. अशी ओवी म्या त्याच्या तोंडनं कवा ऐकली न्हाई. त्या पोरीच्या डोळ्याला पाणी आलं. कारकून इडी प्यायची इसरला. आन सरांनी कागद सोडवून हरिबाला दावला. म्हणाले, ह्यो पोरीचा डोंगर, ह्यो कारकुनाचा डोंगर, आन ही तुमच्या मुलाची रेघ, बघा कशी सरळ. सवयीनं भावना मरते, हे आमचं म्हणणं खरं ठरलं. सर खूश व्हते. वाईट मनाचे न्हवते बिचारे, नुसते खूश व्हते.

हरिबानं तुला इचारलं, "आनंदा, खरंच तुला काय झालं न्हाई?"

तू म्हणालास, "रेघ खोटं बोलत नाही, आबा."

त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आन तसाच चालत निगाला. सिंहगडाच्या पायथ्यापातुर म्या मागनं हाका मारीत गेले. त्या दिसापासनं त्यो गायला न्हाई आन तू आला न्हाईस. लढाईपायी ल्याब बंद पडली, खोल्यांत कसल्या कचेरीची कपाटं आली, म्या हितं परत आले. आता लढाईबी सरली म्हणत्यात. तुमची तेवढी चालू हाय.

बैलांच्या शिंगांना रंग लावायला जाते. पुढल्या खेपेला कारड पाठवू नगं, पाकीट पाठव. माणसाची अब्रू जाती, टपालवाला मोठ्यानं वाचून दावतो.

तुजी आत्या

---

गौरी गेल्या त्या दिशी

आनंदा,

बस. पाणी पी. मंग वाच.

सावळाराम आला व्हता. भोरच्या शाळंत मास्तर हाय त्यो आता, पोट सुटलंय, पण ल्याबमधली खोड गेलेली न्हाई. आल्या आल्या मला म्हणतो, "बयाबाई, तुमच्या हातच्या काजळीसारखी काजळी पुन्हा पाहिली नाही हो." म्या म्हटलं, "तुमच्या नाकावर बसायची ती लई बेस बसायची." तुमी दोघं कसं काळी तोंडं घिऊन जेवायला बसायचा!

दुपारी उघाडी पडली. मेंढरांच्या जाळीपाशी, वाघरीपाशी, वस्तीवरला सोनबा आन त्याचा चुलता मेंढरं कातरीत बसलं व्हतं, आन कातरता कातरता ओवी चालली व्हती. चुलता म्होरक्या, सोनबा झिलकरी. तू इसरला आसशील म्हणून लिवते: म्होरक्यानं वळ म्हणायची, तिचं शेपूट अर्ध्यात सोडायचं, मागच्या झिलकऱ्यानं ते उचलून पुरं करायचं, तीच झील. ओवी कुणा एकल्याची नसती. तुला बोलता येत नव्हतं तवापासनं तू बापाच्या मागं उभा राहून शेपटं उचलायचास. "गं" आन "रं" तेवढंच यायचं तुला.

सावळाराम ऐकत उभा राह्यला. मंग त्याचं तोंड असं झालं जसं पायाखाली काटा आलाय. म्हणाला, "बयाबाई, त्या दिवशी हरिबांच्या मागं कोण होतं?"

म्या म्हटलं, "कोण आसणार? भिंत."

"आणि आनंदा समोर. तोंड बंद करून." त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, मी डब्यापाशी होतो. त्याची रेघ सपाट होती खरी, पण सपाट, मग एकदम एक उंचवटा, मग पुन्हा सपाट. सर म्हणाले जांभई असेल. मीही मान हलवली. जांभई कसली! सोनबा, इकडं ये रे जरा."

मंग जे झालं ते तू बगायला पायजे व्हतंस. सावळारामानं आपलं उपरणं सोडलं, सोनबाच्या छातीला घट्ट बांधलं, त्यात एक लांब गवताची काडी खोचली. झाली ल्याब! श्वास घेतला की काडी वर, सोडला की खाली. लोकर अंगाला चिकटलेली, हातात कातर, छातीवर तुरा. मेंढरंबी बगाय लागली. सावळाराम म्हणाला, "आता तू झील द्यायची नाही. काही झालं तरी नाही. गप्प."

आता गाणार कोण? चुलता म्हणाला, "मला हसू यायलंय, माज्याच्यानं व्हणार न्हाई." हरिबा लांब धोंड्यावर पाठ करून बसला व्हता. सावळाराम त्याच्याकडं गेला आन तसाच परत आला.

तवा म्या म्हटलं, म्या म्हणते. आन बिरुबाची ओवी म्हणाय लागले:

"डोंगराच्या आडून आली बिरुबाची म्हस काळी..."

धोंड्यावरली पाठ हलली.

"म्हस काळी, तिच्या गळ्यात घागरमाळी..."

"म्हस?" हरिबा वरडला. "बये, बिरुबाला म्हस कुठनं आणलीस?"

म्या म्हटलं, "बाजारातनं. का? देवानं दूध पिऊ ने?"

"मेंढी हाय ती! पांढरी मेंढी!"

"मला म्हसच ठावं हाय बाबा," म्या म्हटलं, आन पुढल्या वळीत तिला रेडकू झालं.

त्याला सोसवलं न्हाई, आनंदा. त्यो उठला. कानावर हात ठिवला. आन म्हणाला,

"डोंगराच्या आडून आली मेंढी पांढरी,
धुक्याची घोंगडी तिच्या अंगावरी..."

आन शेपूट सोडलं, जसं सोडत्यात तसं. म्या काडीकडं बगत व्हते. काडी उभीच्या उभी थांबली. सोनबाचं तोंड लाल झालं, डोळं बाहेर आलं. झील पार गळ्यापातुर आलेली, आन वर हुकूम गप्प बसायचा. मंग हरिबानं दुसरी वळ धरली तशी त्याचा श्वास भसकन् सुटला, काडीनं एक उडी मारली आन परत ताठ. पुन्हा शेपूट, पुन्हा ताठ.

सावळाराम म्हणाला, "बघा हरिबा. हीच. हीच रेघ होती तुमच्या आनंदाची. ज्याला काही होत नाही त्याचा श्वास खालीवर चालूच असतो हो, झोपलेल्याचासुद्धा चालतो. त्यानं तर तो धरून ठेवला होता. आम्हाला सरळ रेघ दिसली आणि आम्ही म्हणालो, भावना मेली. खुळे आम्ही. आणि सगळ्यांत मोठा खुळा आनंदा. स्वतःच्या छातीपेक्षा कागदावर विश्वास ठेवला."

हरिबा सोनबाजवळ गेला, त्याच्या छातीवरचं उपरणं सोडलं आन म्हणाला, "जा, मेंढी अर्धी कातरून सोडलीस, गारठंल ती." मंग वाघरीकडं गेला आन लई येळ जाळीच्या गाठी तपासत राह्यला. एकबी सुटलेली नव्हती.

आता सांग, तुला काय वाटलं ते तुला कळलं का?

तुजी आत्या

---

पितरपाट, आमुशाच्या आधी

आनंदा,

तुजं काय उत्तर न्हाई. पाकीट न्हाई, कारडबी न्हाई. आता ते चार वळींचं कारड मला सोन्याचं वाटतंय.

तू काय इचार करतोस ते मला ठावं हाय. तू म्हणशील, सावळारामानं काडी लावली ती सोनबाच्या छातीला, माज्या न्हवं. एका झिलकऱ्याचं खरं ते दुसऱ्याचं खरं कशावरनं? तुमच्या ल्याबमधलं डोकं असंच चालतं. मोठे सरबी असंच म्हणायचे, एकावरनं काय ठरत न्हाई. बरं, मंग तुजी तूच परीक्षा घे. त्याला पट्टा नगं, काजळी नगं. बाप गाताना उभा राहा म्हंजी झालं.

हरिबाला इचारलं, आनंदाला काय निरोप लिवू? त्यानं शेरडाचं दूध काढून पुरं केलं, मंग म्हणाला, "लिव, औंदा लोकर बरी झाली."

म्या इचारलं, "आन?"

"आन काय? बरी झाली म्हंजी बरी झाली."

मंग लोटा घिऊन आत आला आन म्हणाला, "मंडळींना सांगितलंय. दसऱ्याला म्हणतो म्हणून." आन बाहेर गेला.

मागं कोण उभं राहणार ते मंडळींनी इचारलं तर म्हणाला, बगू.

एवढंच. मला ज्यादा लिवता येत न्हाई, दिव्याचं तेल सरलंय. तेल हाय खरं. पण लिवत न्हाई.

बयाबाई

---

दसऱ्यानंतर, तू गेल्यावर

चिरंजीव आनंदास, सूनबाईस, दोघांस आशीर्वाद.

पोचलास का? सूनबाईला लोणी दिलंस का मोटारीतच खाल्लंस?

तू जाऊन चार दीस झालं न्हाईत आन वस्तीवर तुजंच नाव. बनाबाई तर तुजी नक्कल करून दावती. कसा आलास, बिरुबाच्या माळावर धोतर वर धरून, चष्म्यावर धूळ, हातात छत्री. दसऱ्याला छत्री! बापाच्या पाया पडलास, त्यो म्हणाला, "जेवलास?" तू म्हणालास, "व्हय." इतक्या सालांनी बापलेकांचं एवढं बोलणं झालं, आन दोघांनाबी वाटलं लई झालं.

तुला वाटत आसंल की तवा काय झालं ते कुणी नीट बगितलं न्हाई. समद्यांनी बगितलं. म्या तर देवळाच्या पायरीवर चढून बगितलं.

हरिबा देवाम्होरं उभा राह्यला. ढोल थांबला. सोनबा झील द्यायला मागं जाणार तवर तू गुमान जाऊन उभा राह्यलास. बापानं मागं वळून बगितलं न्हाई. पण पाय जरा फाकून उभा राह्यला, तू लहान आसताना तुला मधनं बगता यावं म्हणून राहायचा ना, तसा.

पहिली वळ म्हटली. आवाज आता चिरका झालाय त्याचा, वरच्याला पोचत न्हाई. शेपूट सोडलं.

आन तू गप्प.

सोनबा माज्याकडं बगतुया. तुजं तोंड म्या बगितलं, आनंदा. ओठ मिटलेलं, छाती ताठ. सरांचा कायदा अंगात इतका मुरलेला की बिरुबाच्या माळावरबी खांब झालास. मला वाटलं, आता झालं. आता हरिबा घोंगडी खांद्यावर टाकतोय आन निगतोय.

हरिबा वळला. तुज्या तोंडाकडं बगितलं. आन ढोलवाल्यांना, बायांना, मेंढरांना ऐकू जाईल असा वरडला,

"अरं सोड की श्वास, मरशील!"

ह्या माळावर इतकं हसू कवा झालं नव्हतं. म्हातारी माणसं खाली बसली. आन त्या हसण्यात तुजी झील सुटली. काय ती झील! घोगरी, बेसूर, मधीच फुटकी. बाप त्याच्यावर पुढची वळ ठिवून गेलाबी. मंग तुमी थांबलाच न्हाई. त्याचा श्वास पुरंना तितं तू वळ उचललीस, तू इसरलास तितं त्यानं खांद्यावरनं शब्द मागं टाकला. मान कुणाकडं जातोय ते आता पानशेतवाल्यांनीच सांगावं. ती तर जेवून गेली आन जाताना म्हणाली, पोरगं बेसूर हाय पण बापाचं हाय.

हे समदं तुला ठावं हाय. पण तू गेल्यावरचं ठावं न्हाई, त्याच्यापायी हे पत्र.

तू सकाळच्या मोटारीला उतरून गेलास. हरिबा तुला पोचवायला आला न्हाई म्हणून तुजं तोंड उतरलं व्हतं. मेंढरं घिऊन त्यो वरच्या टेपावर गेला व्हता. तितनं वेल्ह्याचा रस्ता दिसतो. मोटार वळणाआड जाईपातुर तितंच व्हता. हे म्या सांगितलं असं त्याला कळू दिऊ नगं.

काल सांजच्याला मेंढरं वाघरीत घालून त्यो बसला आन आपलाच ओवी म्हणाय लागला. कुणी सांगितलं न्हाई, कुणी इचारलं न्हाई. देव न्हाई, ढोल न्हाई, नुसता हात कानावर. आमी समदी कामं टाकून आलो. वळ म्हटली, शेपूट सोडलं. सोनबा मागं उभाच व्हता. त्यानं झील द्यायला तोंड उघडलं.

हरिबानं हात वर केला. म्हणाला, "थांब. ती आनंदाची हाय."

सोनबा थांबला. झील पुरी व्हायला जेवढा येळ लागतो तेवढा हरिबा गप्प बसला, मान हलवीत, कुणाचं तरी ऐकल्यागत. मंग पुढची वळ धरली.

तुजी आत्या,
बयाबाई